एक्केचाळीस नंबर

शारजा, इंडस्ट्रियल एरिया पाच.
शुक्रवारची नमाज नुकतीच सुटलेली,
शटरं अर्धी वर, अर्धी अजून जेवायला बसलेली.
स्टिअरिंगवर ओला टॉवेल टाकून आलो होतो,
तरी तळवे भाजलेच.

गाडी जुनी. निस्सान सनी, माझ्याआधी तिघांची.
तिच्या डेकच्या घशात दुसऱ्या मालकाची कॅसेट
कायमची अडकलेली.
शिहाबने ती चिमट्याने उपटली, किडक्या दाढेसारखी,
फीत ओढत, ओढत, दारापर्यंत,
आणि विचारलं, "प्लेअर कौनसा?"

साधाच. काडेपेटीएवढा.
वसुधाने चिपळूणहून धाडलेला,
सुर्व्यांच्या धाकट्याच्या हाती,
मेतकुटाच्या पुडीत खुपसून.
बटणांना अजून हिंगाचा वास आहे.

काउंटरवर त्याने तीन उपाय मांडले.

पहिला, लायटरच्या भोकात खोचायचा ट्रान्समीटर,
पंचवीस दिरहम. तो नको, म्हटलं, भोगून झालाय.
नॅशनल पेंट्सच्या ट्रॅफिकमध्ये रोज संध्याकाळी
एक अरबी बातमीदार आमच्या गाण्यात
पाय पसरून बसायचा.
आणि एकदा सिग्नलला शेजारच्या पिकअपमधला पठाण
काच खाली करून म्हणाला,
"भाई, तुम्हारा गाना हमारे रेडियो में आता है.
वो कुकर किसका है?"

कुकर आमचा.
एक्केचाळीस नंबर. गाणं नाही ते.
प्लेअरला रेकॉर्डिंगचंही बटण असतं
हे वसुधाच्या गावीही नव्हतं;
ओट्यावर ठेवला, काहीतरी दाबलं गेलं,
सहा मिनिटं तो ऐकत राहिला.
तीन शिट्ट्या. नळ. कोथिंबिरीवर सुरी.
निहार विचारतो, "सव्वीस सत्ते किती गं?"
"तूच सांग," ती म्हणते,
आणि नेमकी चौथी शिट्टी होते.

दुसरा डेक वायरवाला, एकशे चाळीस.
तिसरा चारशे ऐंशी, निळ्या काचेचा.
"इसमें गाने का नाम आता है," शिहाब म्हणाला,
आणि लावून दाखवला.

नावं आली.
चौकोन, चौकोन, चौकोन. मध्ये एक रिकामी जागा.
पुन्हा चौकोन.
वसुधाने एकेक नाव मराठीत टाइप केलं होतं,
शाळेच्या ऑफिसात, क्लार्क घरी गेल्यावर,
एका बोटाने, दोनशे बारा नावं;
काना-मात्रा तपासून.
शिहाब ओशाळला, जणू चूक त्याच्या घरची.
"अरबी पढ़ता है, रशियन भी पढ़ता है.
मेरा मलयालम भी नहीं पढ़ता."
मग दोघंही जरा वेळ
त्या चौकोनांकडे पाहत उभे.

बास तपासायला त्याने न बघताच बटण दाबलं.
नव्या स्पीकरातून शिट्टी अशी उसळली
की पलीकडचा टायरवाला उठून आला.
शिहाबने पटकन आवाज कमी केला.
मी म्हटलं, राहू दे. तेवढाच राहू दे.

दुसरा घेतला. घासाघीस करून एकशे तीस,
वायर फुकट. आखूड निघाली,
प्लेअर जेमतेम हँडब्रेकपर्यंत पोचतो,
ब्रेक ओढला की गाणं तुटतं.
काचेवर नाव येत नाही, नुसता AUX जळतो,
हिरवा. गाणी मी आता आकड्यांनीच ओळखतो:
सतरा, पहाटे जबल अलीला जाताना.
नव्वद, डक्टची मापं चुकलेल्या दिवशी.
एकशे चार मला आवडत नाही, तिला आवडतं,
ते पुढे ढकलत नाही.

एक्केचाळीस कधीच मुद्दाम लावत नाही.
ते चाळीसनंतर येतं.
बहुतेक पुलावर, कधी पार्किंगमध्ये,
मग एसी चालू ठेवून बसून राहतो.
तिसरी शिट्टी. नळ. "सव्वीस सत्ते किती गं?"
"तूच सांग."

एकशे ब्याऐंशी, मी म्हणतो,
शिट्टीच्या आधी, घाईघाईने.