भरीव

गुजरीत पायरीवरून घसरलो, बरगडीला मार लागला
म्हणून फोटो काढला. बरगडी शाबूत.
तिच्यामागं, उजवीकडं, वरच्या अंगाला
हे.

मग सीटी. काळ्या पडद्यावर फांद्याच फांद्या
आणि डॉ. मिसाळ मॅडमच्या पेनचं टोक
एका ठिपक्यावर थांबलेलं.
"सहा मिलिमीटर. एवढ्याला सुई लावत नाहीत. तीन महिन्यांनी बघू."
सहा मिलिमीटर मला कुणी समजावून सांगायला नको.
चाळीस वर्षं साज गाठतोय मी,
जोंधळी मणी डोळे मिटून निवडतो.

तीन महिने मी खोकलो की
मालूच्या हातातलं लाटणं थांबायचं.
मग मी उगाच घसा खाकरल्यासारखं करायचो.

तीन महिन्यांनी नऊ.
"भरीव आहे," मॅडम म्हणाल्या, "कडा जरा काटेरी."
आमच्या धंद्यात भरीव म्हणजे कौतुक.
पोकळ मण्यात लाख भरतात, भरीव मागणारं गिऱ्हाईक
वर्षातून एखादं.
"टीबीचा जुना वण असेल. बुरशी असेल."
तिसरं नाव त्यांनी घेतलं, पण टेबलाकडं बघत.

राजारामपुरी, सकाळी आठ, उपाशी.
मला पालथं झोपवलं. पाठीवर तारांची पट्टी चिकटवली,
कमानीतून आत, बाहेर, पुन्हा आत.
काचेपल्याडून इर्शाद नावाचा पोरगा:
"काका, श्वास घ्या. धरा. सोडा.
दरवेळी तेवढाच घ्यायचा. कमी नको, जास्त नको.
नाहीतर गाठ हलते."

गाठ हलते!
आयुष्यभर गाठी मारल्या, एक हलली असेल तर शपथ.
आणि रेशमाचं टोक मेणानं ताठ करून
बारीक वेजात घालताना
श्वास तेवढाच धरायचा, हे मला
काचेपल्याडून कुणी सांगितलं नव्हतं.

बधिर जागेवर नुसता दाब.
मग आत कुठंतरी स्टेपलरसारखं टक्.
"अजिबात हलला नाहीत. कुठं शिकलात?"
"गुजरीत."
हसले का ते, कळलं नाही. मला फक्त फरशी दिसत होती.

बाटली मी मागून बघितली.
पाण्यासारख्या औषधात पांढरट दोऱ्याचा तुकडा,
नखापेक्षा थोडा लांब.
असले तुकडे मी रोज संध्याकाळी फुंकरीनं उडवतो.

दुपारभर उताणा. बोलू नका, खोकू नका.
थुंकीला थोडं लाल आलं, तेवढं येतंच म्हणाले.
चारला पुन्हा फोटो: फुफ्फुसाबाहेर हवेची बारीक कड,
आपोआप जिरेल.
"हवा बाहेर," मालू म्हणाली, "मग आत काय ऱ्हायलं?"

रिपोर्टला सहा दिवस. आज चौथा.
रुकडीच्या लग्नाचा साज परवा द्यायचाय,
कासवापर्यंत आलाय.
मी श्वास धरतो. टोक वेजातून पलीकडं जातं.
गाठ बसते.

मालू दारातनं बघत उभी.
"सोडा की आता."