रकाना अकरा

फॉर्मच्या अकराव्या रकान्यावर छापलेलं असे:
कैद्याचे अखेरचे शब्द, असल्यास.
त्या 'असल्यास'पुढे दीड ओळीची जागा.
मी चोवीस वर्षांचा, ठाण्याच्या तुरुंगात कारकून,
अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी नेमलेला.

हिराजी गणा केणी. धंदा: मिठागरावर मजुरी.
वजन एक्कावन्न किलो, खाली डॉक्टरची सही.
रात्री तेवढीच वाळू भरली,
रेतीबंदरावरनं आणलेल्या ढिगातली,
गोण शिवली, टांगली, आणि खटका ओढून पाहिला.
आवाज भिंतीतून आला.
तो म्हणाला, "गोन परली. मिठाची का?"
पहाऱ्यावरच्या धाडवेनं विडी पेटवली
आणि ती संपेपर्यंत तोंडातून काढली नाही.

मग तो बोलतच राहिला.
भरती कवा हाय, हे तीनदा विचारलं.
खाडी कोटाच्या मागेच, चिखलाचा वास येत होता,
म्हणजे ओहोटी. हे त्याला माझ्याहून जास्त कळत होतं,
तरी विचारलं.
मीठ धरायच्या आधी पाण्यावर साय येते म्हणाला,
दुधासारखी, तिला हात लावायचा नाही.
घोंगडी कुणाची आहे? परत कुणाला द्यायची?
वाण्याचा सव्वा रुपया राहिलाय.
नाही, दिला असेल तिनं.
चहा आला. अर्धा प्याला. उरलेला कप
कानापाशी नेऊन हलवला,
का, ते विचारायला मला सुचलं नाही.

आणि बामा मढवी,
ज्याला यानं बांधावर फावड्यानं मारलं
पाण्याच्या पाळीवरून,
त्याचे अखेरचे शब्द कुणी टिपले नाहीत.
त्याच्यासाठी फॉर्मच नसतो.
हे त्या रात्री डोक्यात आलं नाही माझ्या.
फार उशिरा आलं, पेन्शनच्या रांगेत.

साडेचारला अंघोळ. पाच वाजून दहाला कुलूप निघालं.
हात मागे बांधलेले. त्या कोठडीला उंबरठा नव्हता,
तरी त्यानं पाय उचलून बाहेर टाकला,
घरातनं निघावं तसा.
चार पावलं गेला. थांबला.
मला वाटलं, आता. मी पेनाचं टोपण काढलं.
मान वळवून धाडवेला म्हणाला,
"दार वढून घे र. मच्छर शिरतान."

रिकाम्या कोठडीत.

पुढचं मी पाहिलं नाही, माझं काम टेबलापाशी.
ऐकलं. गोणीसारखाच आवाज, फक्त
या वेळी विचारणारं कुणी नव्हतं.
साहेब म्हणाले, "टिपणीस, काही बोलला?"
सहा शब्द. दीड ओळीत सहज बसले असते.
मी लिहिलं: निरंक.
अक्षर सुरेख आलं होतं.

आता ऐरोलीत असतो, मुलाच्या फ्लॅटवर.
या बिल्डिंगच्या खाली मिठागर होतं म्हणतात.
असेल. पार्किंगच्या भिंतीला खालून दोन फूट
पांढरं फुटतं दरवर्षी, सोसायटी रंग देते,
पुन्हा फुटतं.
सहा वाजले की मी उठून दार ओढून घेतो.
सून म्हणते, बाबा, सगळीकडे जाळी बसवलीय.
हो, म्हणतो.
सातला परत उठतो, बघून यायला.