तपासणी

अण्णा नाशिक रोडच्या प्रेसात नोटा तपासायचे.
एकतीस वर्षं, ट्यूबलाइटखाली.
शाई फुटलेली, अंक सरकलेला,
कडेला केसभर आगाऊ रेघ,
सगळं वेचून बाजूला.
घरी आले की रिकामा डबा मोरीत ठेवून
पुन्हा जेवायला बसायचे.

"याच्या पोटात विहीर आहे," आत्या म्हणायची.
विहिरीला तरी तळ असतो.
चौथी भाकरी ताटात टाकताना
आई त्यांच्याकडे बघायची नाही,
आणि ते आईकडे.

बहीण वैजू. एकाच ताटात वाढलो आम्ही.
अर्ध्या मिसळीवरच ती पाव सारते बाजूला,
"झालं बाई माझं."
हे 'झालं' कुठून येतं?
मलाही येतं,
पण त्र्यंबकच्या उशिराच्या गाडीसारखं,
ताट पुसून झाल्यावर.

जिभेला लगाम घाल, म्हणाले सगळे.
गंगापूर रोडच्या बाईंनी तक्ता दिला,
वर एक हसू दिलं, फुकट.
रोज पहाटे सोमेश्वरपर्यंत चालले.
भूक दोन पावलं पुढे चालत होती.

मग डॉक्टर धात्रकांनी रक्त कुठेतरी पाठवलं
आणि एक कागद आला.
एवढ्या थोरल्या पोथीत
एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर.
अण्णांच्या भिंगालाही सापडलं नसतं.
"चूक म्हणू नका, वेगळी आवृत्ती म्हणा.
आणि हे काही विधिलिखित नाही.
रस्त्याला उतार आहे इतकंच."

अण्णांच्या अस्थी रामकुंडात सोडल्या होत्या.
तिथे हाडं विरघळतात म्हणे.
विरघळली असतील.
बाकीचं मी घरी घेऊन आले,
ओल्या साडीत.

जिना उतरता उतरता कागद पुन्हा वाचला.
अक्षर दोनदा होतं.
एक वडिलांकडून,
एक आईकडून.

आईकडून?
जिने जन्मात दुसरी भाकरी मागितली नाही?
जी सगळ्यांच्या मागून बसायची,
टोपलं हलवून बघायची,
खालच्या तुकड्याला तेल-मीठ लावायची
आणि म्हणायची, मला लागतंच किती?

आज सिडकोतल्या घरी
तिला सगळ्यांच्या आधी पाटावर बसवलं.
दुसरी वाढली. "नको गं."
तिसरी वाढली. "नको म्हटलं ना."

हात मात्र ताटावर
आडवा आला नाही.