दोन रेघा

चिलोएच्या एका लहान बेटावरची शाळा.
मधोमध शेगडी, तिच्यावर वाळत घातलेले हातमोजे,
फळ्यावर शुक्रवारचाच साताचा पाढा.
टेबल क्रमांक तीनची अध्यक्ष मी, ओर्तेन्सिया नावेलकीन.
एकेक मतपत्रिका उलगडायची,
खिडकीच्या उजेडात उंच धरायची, आणि मोठ्यानं म्हणायचं :
बार्रीया. कार्कामो. कार्कामो. बार्रीया.
आवाज सारखा ठेवायचा.
(मधे कुणी साखर किती विचारलं, तेव्हाही
त्याच आवाजात म्हणाले, दोन.)

एकशे बाराव्या घडीशी बोटं अडली.
कोपरा आत, मग परत आत :
अशी घडी या बेटावर एकच बाई घालते,
पावाच्या फडक्याला, पत्राला, माझ्या झबल्यांना घालायची तशी.
उलगडली तर दोन रेघा.
एक बार्रीयासमोर ठसठशीत,
दुसरी कार्कामोसमोर, जराशी वाकडी.

"हात कापला असेल कुणाचा तरी,"
बार्रीयाचा माणूस म्हणाला, "पहिली धरा."
मला माहीत होता तो हात.
मार्चपासून त्यात चमचा ठरत नाही.

लोकांना वाटतं, निःपक्षपाती माणसाला
सख्खं कुणी नसतं.
असतं. टेबलावर चपटं होऊन पडलेलं असतं,
आणि ते उचलून आपणच उजेडात धरायचं,
मागच्या बाकावरच्यालाही दिसेल असं.

"बाद," मी म्हटलं.
आवाज तोच.

त्या एका मतानं काही अडलं नाही.
कार्कामो त्रेचाळीसनं आला. होडीत
तेच जास्त टोचत राहिलं :
झुकतं माप दिलं असतं,
तर कुणाच्या बापाचं काय गेलं असतं?

आई जागी होती. बटाटे उकडून ठेवलेले.
"तुझं मत बाद झालं," मी म्हटलं. "मीच केलं.
हात कापला तुझा."

"हात कापला?" ती मीठ शोधत होती.
"नाळ कापलीय या हातानं, दोघांची, एकाच हिवाळ्यात.
बार्रीयाची तर कंदिलाच्या उजेडात.
आता एकालाच देऊ?"

चिमटीतलं अर्धं मीठ टेबलावर सांडलं.
मी ते तळव्यानं गोळा केलं,
दोन्ही ताटल्यांत भुरभुरलं,
मोजलं नाही.