मासा

गुजरीतल्या आमच्या खोलीत
केर टाकत नाहीत, जपतात.
महिन्यातून एकदा झारेकरी येतो,
धूळ तोलून नेतो.
मी मांजरंही कागदावर उभी करून विंचरते
आणि केस त्याच्या पुडीत टाकते.
तो म्हणतो, "वैनी, ह्या भुंग्याच्या पाठीवर
गुंजभर तरी निघंल."
भुंगा जांभई देतो.

चार होती तेव्हा.
नावं साजातल्या पानांवरून:
काळा भुंगा, पट्ट्यापट्ट्यांचं कारलं,
वाघनखानं नाव कसं पडलं ते माझ्या मनगटावर लिहिलंय,
आणि ताईत, जो कुणाच्याही गळ्यात पडतो.
हे जोड द्यायचे, मी ओवायची,
ताईत दोऱ्याचं टोक पंजाखाली धरून बसायचा,
जणू दुकान त्याचंच.

पाचवा मार्गशीर्षात आला, ऐन लग्नसराईत,
जोतिबा रोडच्या बाजूनं, पत्र्यावरून.
राखाडी. एक कान कापलेला, शेपूट अर्धी.
आत येईना. उंबऱ्याबाहेर बशी ठेवायची,
पाठ फिरवली की दूध संपलेलं.
हे म्हणाले, "नाव ठेवू नको.
नाव ठेवलं की ऱ्हातंय."
मी ठेवलं नाही.

पंधरा दिवसांनी तो उंबऱ्याच्या आत आला
आणि त्याच दिवशी मासा गेला.

पाचगावच्या इंगवल्यांचा साज होता,
दुसऱ्या दिवशी हळद.
ताटलीत मोजून ठेवलेली पानं:
चंद्र, शंख, कासव, बेलपान.
माशाची जागा मोकळी.
दिवाणाखाली शोधलं, राखेत, सुपलीत,
ह्यांच्या खिशातसुद्धा.
समोरचा सुकुमार, बारा वर्षांत
आमच्याहून कोल्हापुरी झालेला, म्हणाला,
"मासा गेलाय आन् मांजर नवं हाय.
आता पंचांग बघायचं का?"
सगळे हसले.

मी केरसुणी घेतली.
भामट्या म्हटलं, फुकट्या म्हटलं,
पोटात सोनं घालून चाललास, म्हटलं.
तो पळाला नाही.
जिन्याच्या तीन पायऱ्या उतरून
वळून बघितलं त्यानं.
मी बशी भिरकावली.

रात्रभर जागून ह्यांनी दुसरा मासा केला.
लाख भरताना बोट भाजलं.

पहिला सापडला पाचव्या दिवशी,
मेणाच्या गोळ्यात.
दोऱ्याला मेण लावायचा माझाच गोळा,
माझ्याच अंगठ्यानं दाबलेला,
खवल्यांचे ठसे आतून स्वच्छ.

मग फिरले.
गुजरीची बोळं, भाऊसिंगजी रोड,
लक्ष्मीपुरीत मासळीवाल्यांच्या पाट्यांखाली वाकून,
"कान कापलेला, शेपूट अर्धी" सांगत.
कपिलतीर्थात मेथीवाली म्हणाली,
"आगं, हाक मार की. येतंय."
काय हाक मारू?
नाव ठेवलं नव्हतं.
नुसती नावं ठेवली होती.

तो आला नाही.
फाल्गुनात त्याच पत्र्यावरून एक मांजरी आली,
पांढरी, पोटुशी, दोन्ही कान शाबूत.
बघताक्षणी कळत होतं,
तरी तिची शेपूट मी दोनदा बघितली.
उंबऱ्यावर ती थांबली.
आतून फुंकणी खाली ठेवल्याचा आवाज आला,
"हिचं काय ठेवणार?"

गिऱ्हाइकं हसतात, मांजराचं नाव मासा!
हसू देत.
ती अजून विंचरू देत नाही,
झारेकऱ्याच्या पुडीत तिचा एक केस नाही.

साजाबाहेरचा तो मासा डबीत आहे.
हे आटवायला मागतात, मी देत नाही.
संध्याकाळी पत्र्याकडं तोंड करून
"मासा, मासा" करते.
पांढरी येते, पोरं घेऊन येते.
मी आणखी एकदा हाक मारते,
जरा मोठ्यानं,
जिन्यावर तिसऱ्या पायरीला कुणी
हे आपल्यालाच का, म्हणून
थांबलं असेल तर.