धार

त्याच्या उजव्या स्केटची आतली कड आधी झिजायची.
मला विचारा. सत्तावीस वर्षं या रिंकच्या तळघरात
दुसऱ्यांच्या पोलादाला धार लावतोय मी.
गेतां ब्रिझबुआ. जर्सी नंबर त्रेपन्न.
फ्रेंचमध्ये त्या आडनावाचा अर्थ लाकूडमोड्या,
आणि पोरगा नावाला जागला:
एका हंगामात चौऱ्याऐंशी स्टिका मोडल्या,
काही गोलच्या खांबावर, काही बाकावर,
एक पार्किंगमध्ये, स्वतःच्याच गाडीच्या टपावर.

फेब्रुवारीत विकला त्याला. विकला म्हणायचं नसतं,
अदलाबदल म्हणायचं.
हा घ्या आमचा बावीस वर्षांचा ताप,
द्या तुमचा एक बचावपटू, गुडघा दुखरा, पण झोप वेळेवर,
आणि वर पुढल्या निवडीतला एक नंबर,
म्हणजे मिसरूड न फुटलेलं कुणीतरी पोर.

बारा वर्षं झाली. गावात खल तोच.
टायरच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर,
खाणीच्या पिंजऱ्यात खाली जातानासुद्धा:
राहिला असता तर?
माझी बायको आयला ताट पुसता पुसता म्हणते,
आत्याबाईला मिशा असत्या तर.
आणि फडकं झटकते.

राहिला असता तर त्याचा बापही राहिला असता,
तिसऱ्या रांगेत, शिफ्ट संपवून, बुटांना निकेलची माती,
वीस खेळाडूंत फक्त स्वतःच्या पोरावर ओरडणारा.
राहिली असती मोटेलची ती नऊ नंबरची खोली,
आणि समोरचं दारूचं दुकान, ज्याची पाटी
आमच्या गावात सगळ्यात उशिरा विझते.
हे मी लोकांना सांगतो. लोक मान डोलावतात.

एक गोष्ट सांगत नाही.

त्या जानेवारीत तो पहाटे पाचला यायचा, एकटा,
दिवे न लावता बर्फावर उतरायचा.
मी खाली, छताकडे कान लावून.
प्यालेल्या दिवशी आवाज यायचा
जळकं पातेलं खरवडल्यासारखा.
पण त्या दिवसांत, सलग एकवीस दिवस,
कोरं कापड एका दमात फाडावं
तसा सरळ, स्वच्छ आवाज.
मी कॅलेंडरवर टिंब काढत होतो, पेन्सिलीनं.

बाविसाव्या दिवशी मॅनेजर तळघरात आला.
कधी येत नाही. कोटाची बटणं न काढता म्हणाला,
तू रोज बघतोस त्याला. सुधारेल का?
माझ्या हातात पातं होतं, चाक फिरत होतं, ठिणग्या उडत होत्या.
चाक बंद करायला एक बटण दाबायचं असतं.
मी म्हणालो, मला काय कळतं, मी धारवाला.

तो गेला, पुढं पश्चिमेकडे दोन संघ, मग एकही नाही.
कुणी म्हणतं भट्ट्या बसवतो, चार वर्षं थेंब नाही.
कुणी म्हणतं, कुठला गेतां, तो तर गेला.
मी दोघांनाही कॉफी देतो.

आणि त्याच्या बदल्यात आलेला कॉर्नी पेनर,
मॅनिटोबाच्या गव्हातला, मितभाषी,
त्या गुडघ्यानं दोनच हंगाम खेळला, पण इथलाच झाला.
इथंच लग्न, आता बर्फ सारखा करायचं यंत्र चालवतो.
त्याच्यासमोर ‘तर’ कसं म्हणायचं?
त्या एका अक्षरजोडीत त्याचं घर पुसलं जातं,
आणि ट्रूडी, वय सात, पुढचे दोन दात नाहीत.

शनिवारी ती तिचे स्केट घेऊन येते.
मी बोट फिरवून बघतो. दोन्ही कडा सारख्या झिजलेल्या,
सुखी पोरांच्या झिजतात तशा.
चाक लावण्याआधी मी जरा थांबतो.
ती विचारते, काय ऐकतोयस?
वर तिचा बाप यंत्र फिरवत असतो,
सगळ्या रेघा बुजवत, कडेपासून मध्याकडे.