तिसरा आकडा

यावेळी फक्त शेवटचा आकडा बदलला.
पहिला तोच, मधला तोच,
दुसऱ्या टिंबानंतर सहाचा सात झाला.
एवढ्यासाठी मी मे महिन्यात रात्री साडेअकराला
गांधीबागेतल्या पतसंस्थेच्या दुसऱ्या माळ्यावर.
कूलरमधलं पाणी तळाला गेलंय,
ताट्या वासापुरत्या ओल्या.

दुपारी हेडाऊ साहेबांनी विचारलं होतं,
"नवीन काय आहे याच्यात?"
"काही नाही."
"मग काहून करून राहिली?"
सांगायला तोंड उघडलं तर त्यांचा फोन वाजला.
फोनवर बोलता बोलताच मान हलवली,
सकाळी दहाला काउंटर चालू पाहिजे, बस.

यादीत चार नोंदी आहेत.
एकीत, परत केलेली जागा पुन्हा वापरली जायची,
घर सोडून गेलेल्या भाडेकरूनं
जुन्याच किल्लीनं आत यावं तशी.
एकीत, मजकूर फार मोठा आला
की मोजणी उलटून उणे व्हायची.
एक मला समजली नाही. दोनदा वाचली.
आणि एक, जिच्यापाशी मी अजून अडकलेय:
तुलनेच्या चिन्हातली खालची आडवी रेघ काढली.
पूर्वी होतं, शेवटापर्यंत, शेवट धरून.
आता, शेवटाच्या अलीकडे.

नऊ वर्षं ती रेघ तिथं होती.
नऊ वर्षं आमचा प्रोग्राम,
ज्यात इतवारीच्या भाजीवाल्या बायांचे
रोजचे वीस-वीस रुपये जमा होतात,
हद्दीच्या एक घर पलीकडे डोकावू शकत होता,
आणि तिथं जे ठेवलं असेल ते
मागणाऱ्याला वाचून दाखवू शकत होता.
कोणी मागितलं?
नोंदीत लिहिलंय, तसं आढळलेलं नाही.
हे वाक्य मी फार वेळ बघत बसले.

बाबा विद्युत मंडळात लाईनमन होते.
मी चौथीत असताना त्यांनी विचारलं,
तारेचे दहा गाळे, तर खांब किती?
मी म्हटलं, दहा.
"अन् शेवटची तार कोण धरून उभं राहीन? तू?"
मग सायकलवर डबलसीट
शून्य मैलाच्या दगडापाशी नेलं.
"इथं किती मैल झाले?"
शून्य.
"अन् दगड किती?"
एक.
"हं. इथंच लोक चुकतात," म्हणाले,
आणि मला फुटाणे घेऊन दिले.
ज्यानं नऊ वर्षांपूर्वी ती रेघ ओढली
त्याला कोणी फुटाणे दिले नसतील.

चूक शोधणाऱ्याचं नाव नोंदीच्या शेवटी आहे.
देश माहीत नाही, बाई की पुरुष तेही नाही,
सलग पाच व्यंजनं, मग एक स्वर.
मी ते फोडून फोडून मोठ्यानं म्हणून पाहिलं.
खालून डोमाजी ओरडले,
"मॅडम, मले बोलावलं का?"

बारा वीसला लाईट गेली.
यूपीएस चिरकायला लागला,
पट्टी त्र्याहत्तर टक्क्यांवर उभी,
आणि मी दोन्ही हात टेबलावर ठेवून,
जणू मशीन हलणार आहे.
सहा मिनिटं.
या शहरात कुठंतरी कोणीतरी
शिडीवर चढलं असेल.
पंखा फिरला.
पट्टी पुढं सरकली.

मग तपासण्या. एकशे बारा.
एकशे अकरा हिरव्या, एक लाल.
पोटात गोळा.
पाहिलं तर चूक माझी,
तपासणीतच मी अकराव्या खांबाला हात लावत होते,
आणि जुनी भाषा मला लावू देत होती.
नव्या भाषेनं हात झटकला.
दुरुस्त केलं. लाज वाटली, थोडं बरंही वाटलं.

आवृत्ती विचारली.
शेवटी सात.

खाली आले तेव्हा पावणेदोन वाजले होते.
रस्ता अजून तव्यासारखा.
"झालं काय मॅडम?"
झालं.
"काय झालं?"
काही नाही झालं, डोमाजी.
"मग चांगलं," म्हणाले, आणि शटर ओढलं.
जमिनीपासून चार बोटं उरलं होतं.
ते त्यांनी पायानं दाबलं.